नववी पोच

१

"आठांपैकी आठ, बाई! आठ! आता काय नववी उकरून काढू?"

साहेबांचा आवाज चढला आणि स्टुडिओच्या भिंतींनी तो तिथल्या तिथे गिळून टाकला. त्या भिंतींना छिद्राछिद्रांचे पुठ्ठे ठोकलेले होते. माणसाने छाती फोडून ओरडावं आणि पलीकडच्या खोलीत कुजबूज पोहोचावी, अशी ती सोय. त्यामुळे या इमारतीत भांडायलाही मजा नव्हती. घसा बसायचा आणि पदरात काही पडायचं नाही.

"नववी नको," बाई म्हणाल्या. "पाचवी खोटी आहे. गाडी पाचव्याला पाठवा."

"खोटी कशी? मी इथे, या दाराशी उभा होतो. फोन स्पीकरवर होता. 'पाचवं केंद्र, ऐकलं.' या दोन कानांनी ऐकलंय मी! मागे रेडिओ चालू होता, रेडिओवर तुमचाच आवाज होता. याहून जिवंत पोच कशी असते?"

"आवाज माझाच होता. पण आजचा नव्हता."

साहेब कपाळाला हात लावून दाराला टेकले. वाईट माणूस नव्हता. वयाने बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान, अंगावर पाण्याने भिजलेला सदरा, हातात अग्निशमन केंद्राला पाठवायच्या चिठ्ठ्यांचं पुस्तक. बाहेर दुपारचे तीन वाजले होते आणि आभाळाने संध्याकाळ करून ठेवली होती. चार वाजता बंधाऱ्याची दारं उघडणार होती.

"बाई, गाडी एक आहे. एक. ती पोच आलेल्या ठिकाणी धाडली आणि दुसरीकडे कुणी वाहून गेलं, तर मला फाडून खातील. आणि या चिठ्ठीवर 'कारण' म्हणून एक रकाना असतो. त्यात काय लिहू? 'बाईंना वाटतं'?"

बाईंना त्या रकान्यात काय लिहायचं ते ठाऊक होतं. अकरा वर्षं ठाऊक होतं.

२

हे भांडण समजायला चार महिने मागे जावं लागतं, आणि आधी पोच म्हणजे काय ते कळावं लागतं.

कापडाच्या गोदामावर दोन खोल्या आणि एक बोळ, एवढंच ते रेडिओ स्टेशन. पूर्वी तिथे अकरा माणसं काम करायची. गाणी निवडणारा एक, पत्रं वाचणारी एक, दोघं तर नुसते चहावरून भांडायला. मग मोठ्या शहरातून तारेने तयार कार्यक्रम यायला लागले आणि माणसं गळत गेली. उरली तीन. साहेब, यंत्रं सांभाळणारे मिस्त्री आणि बाई. गाणी तिकडची, जाहिराती तिकडच्या, हसणारी माणसंसुद्धा तिकडची. इथलं फक्त एकच राहिलं होतं, ते म्हणजे वादळाचा, पुराचा इशारा. तो बाई वाचायच्या. बत्तीस वर्षं वाचत होत्या.

स्टुडिओत हिरवं कापड घातलेलं टेबल, मायक्रोफोन, तांबडा दिवा, टेलिफोन. समोर दुहेरी काच, काचेपलीकडे मिस्त्रींची खोली. बाईंच्या पाठीमागच्या भिंतीवर चौकटीत एक प्रशस्तिपत्र. ते मुद्दाम पाठीमागे लावलेलं होतं. बसल्यावर दिसू नये म्हणून बाईंनीच ते तिथे हलवलं होतं, पण हे कुणाला माहीत नव्हतं.

स्टेशनचे पहिले साहेब एक नियम घालून गेले होते. इशारा वाचला म्हणजे आपलं काम झालं असं नाही, तो ऐकला गेला म्हणजे झालं. म्हणून नदीकाठच्या प्रत्येक सखल वस्तीत एकेक माणूस नेमलेला असे. कुणी नावाडी, कुणी वखारवाला, कुणी शाळेचे हेडमास्तर. इशारा बाई एकदा वाचत. मग त्याचंच ध्वनिमुद्रण यंत्रातून पुन्हा पुन्हा लागत राही, आणि तेवढ्या वेळात ही माणसं फोन करून आपापल्या केंद्राचा आकडा सांगत आणि म्हणत, "ऐकलं." बाई पोचवहीत त्या आकड्यापुढे शाईने टिक करत. वीस मिनिटांत ज्याची पोच आली नाही, तिथे साहेबांच्या सहीची बिनपोच चिठ्ठी निघे आणि गाडी भोंगा वाजवत जाई.

सराव म्हणून महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी चाचणीचा इशारा वाचला जाई. त्या दिवशी आठ माणसं बाईंना फोन करायची, आणि प्रत्येक जण एकच शब्द बोलायचा. बाकी महिनाभर बाईंना कुणाचा फोन येतो म्हणाल, तर भावजयीचा. "वन्सं, जेवलात ना? बरं, ठेवते, कुकर लावलाय." झालं. घरी एक ताट, एक वाटी, एक खुर्ची. दुसरी खुर्ची होती, तिच्यावर इस्त्रीचे कपडे बसायचे. तेव्हा त्या आठ शब्दांची बाई किती वाट बघत असतील ते ज्याचं त्याने समजावं.

३

चार महिन्यांपूर्वीच्या त्या सोमवारी आठ टिका झाल्या. बाईंनी पेनाला टोपण लावलं. आणि फोन पुन्हा वाजला.

"पाचवं केंद्र. ऐकलं."

"अगं हो, मघाशी केलीस की तू पोच."

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

पाचवं केंद्र म्हणजे नाल्यावरच्या मोरीपलीकडचं पाळणाघर. गिरणीत कामाला जाणाऱ्या बायकांची सव्वीस पोरं तिथे दिवसभर असायची. ते चालवणारी मुलगी तिशीतली, बाईंना 'मावशी' म्हणायची. दोघींनी एकमेकींचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. पण नऊ वर्षांत तिची पोच पहिली आली नाही असं एकदाही झालं नव्हतं. इशारा संपायचा अवकाश, हिचा फोन हजर. बाईंना वाटलं, पोरांच्या गोंधळात विसरली असेल, पुन्हा केला.

दुसऱ्या महिन्यात बाईंनी तिला विचारलं, "काय गं, गेल्या खेपेला दोनदा केलास?"

"मी? छे, मावशी. एकदाच करते मी. बिल कोण भरतं, तुम्ही?" ती हसली, आणि मागे एक पोर भोकाड पसरलं, म्हणून तिने घाईने फोन ठेवला.

सातव्या केंद्राची पोच आली, आठव्याची आली. आणि मग पुन्हा तोच आवाज.

"पाचवं केंद्र. ऐकलं बरं का."

आवाज तिचाच. अगदी तिचाच, नाकातला बारीक सर्दीचा खरखराटसुद्धा तोच. मागे पोरांचा गलका मात्र नव्हता. आणि 'बरं का' ती कधी म्हणत नसे.

बाई फोन हातात धरून बसून राहिल्या. 'बरं का' असं लावून पोच देणारा एकच माणूस त्यांना माहीत होता. त्याचं केंद्र पोचवहीतून काढून टाकल्याला अकरा वर्षं झाली होती.

पण बाई भित्र्या नव्हत्या. उभ्या जन्मात त्यांनी भुताला एक कप चहासुद्धा दिला नव्हता. त्यांनी टोपण लावलं आणि स्वतःलाच दटावलं, कुणाच्याही तोंडात कुठलाही शब्द बसतो. त्यात काय एवढं.

तिसऱ्या सोमवारी तो फोन शेवटी नाही, सगळ्यात आधी आला. मुलीच्याही आधी.

"पाचवं केंद्र. ऐकलं बरं का."

या खेपेला बाईंनी फक्त कान लावला. पोच देणाऱ्याचा रेडिओ मागे चालू असतोच, आणि त्यातून बाईंचाच इशारा ऐकू येतो. तसा तो येत होता. "सखल भागातील सर्व रहिवाशांनी सुरक्षित स्थळी..." आणि प्रत्येक 'स'वर बारीकशी शीळ.

बाईंची जीभ आपोआप पुढच्या दाताला लागली. सहा वर्षांपूर्वी त्यांनी तो फटीचा दात काढून नवा बसवला होता. तेव्हापासून त्यांच्या 'स'वर शीळ वाजत नव्हती. आणि आजच्या कागदावर सखल भाग हा शब्दही नव्हता. आज चाचणी होती.

फोनमधला तो शिळेचा आवाज वस्त्यांची नावं वाचत होता. बाई मोजत होत्या. सहा, सात, आठ. मग श्वास घेतल्याचा आवाज. आणि नववं.

फोन बंद झाला. लगेच दुसरा वाजला. "पाचवं केंद्र, ऐकलं, मावशी. आज पहिली ना मी?"

"हो," बाई म्हणाल्या. "पहिलीच."

४

"कुठलं तरी जुनं मुद्रण लागलं असेल," मिस्त्री म्हणाले. ते यंत्राची झाकणं उघडून आत फुंकर मारत होते. आवाज गेला काय, दिवा गेला काय, आधी फुंकर.

"जुनी मुद्रणं नव्वद दिवसांनी पुसतो आपण. तुम्हीच पुसता."

"मग शेजारच्या स्टेशनचा आवाज घुसला."

"शेजारच्या स्टेशनात माझा आवाज? माझ्या जुन्या दातासकट?"

मिस्त्रींनी चष्मा वर केला. "बाई, रागावू नका, पण तुमचं वय..."

"माझं वय माझ्यापाशी. वायरीत आवाज अडकून राहतो का, तेवढं सांगा."

"वायरीत आवाज राहत असता, तर माझ्या बायकोचा अख्खा संसार तिथेच सापडला असता." ते हसले, आणि बाई हसल्या नाहीत हे बघून थांबले. मग हळूच म्हणाले, "नाही राहत हो, बाई. गेलेला आवाज गेला."

त्या संध्याकाळी बाईंनी घरचा रेडिओ लावला नाही. खुर्चीवरचे कपडे उचलून त्यांनी कपाटात ठेवले, आणि रिकामी खुर्ची बघून पुन्हा आणून ठेवले.

५

चौथ्या महिन्यात, सोमवारच्या आधी, बाई बस धरून पाळणाघरात गेल्या. बत्तीस वर्षांत त्या कुठल्याच केंद्रावर गेल्या नव्हत्या. दुपारची वेळ होती. एका लांबट खोलीत सव्वीस चटया आणि चटयांवर सव्वीस पोरं, कुणी पालथं, कुणी आडवं, कुणी शेजारच्याच्या पोटावर पाय टाकून. फळीवर एक छोटा रेडिओ, त्याच्या सेलांचं झाकण रबराने बांधलेलं.

"आवाजावरून मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल," मुलगी कुजबुजली, आणि तोंडावर हात ठेवून हसली.

"आवाज उंच आहे. बाकीची मी अशीच."

दोघी उंबऱ्यावर बसल्या. समोर मोरी, मोरीखाली घोट्याएवढं पाणी. मुलीने सांगितलं की घरमालक खोली बदलून देत नाही, गिरणीच्या बायकांना लांब परवडत नाही, म्हणून इथेच चाललंय.

"मावशी, एक विचारू? माझे बाबा पंपघरावर राखणदार होते. नववं केंद्र त्यांचंच होतं. तुम्हाला आठवतात?"

"आठवतात."

"लोक अजून म्हणतात, त्यांनी ऐकलं आणि चहा पीत बसले. वस्तीला उठवलंच नाही. चौकशीतही तसंच लिहिलं, पोच दिली पण हालचाल केली नाही म्हणून. अठरा माणसं गेली, त्यांत बाबाही गेले, तरी आईने मरेपर्यंत शेजाऱ्यांसमोर मान वर केली नाही. म्हणून तर मी हे केंद्र मागून घेतलं. म्हटलं, निदान मी तरी पहिली पोच देईन." तिने पदराने नाक पुसलं. "पण मला कधीकधी वाटतं, त्यांनी ऐकलंच नसेल. खरं सांगा, ऐकलं असेल का हो त्यांनी?"

मोरीखालचं पाणी वाहत होतं. खोलीत एक पोर झोपेत हसलं.

आयुष्यभर समोरच्याच्या तोंडावर खरं बोलणारी बाई. साहेबांना साहेब न म्हणता अहो म्हणणारी. तिने त्या मुलीच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "वहीत तर नोंद आहे, बाळ."

६

पोचवही खोटं बोलत नाही, असं सगळे म्हणायचे. खरंच आहे, वही कशाला खोटं बोलेल?

पंपघराचा राखणदार पोच नेहमी उशिरा द्यायचा. आधी चहाचा शेवटचा घोट, मग फोन. "नववं केंद्र. ऐकलं बरं का." पण द्यायचा. वर्षानुवर्षं, न चुकता. मग बाईंना सवय लागली. आठ टिका झाल्या की नवव्याची टिक त्या आधीच करून टाकायच्या. येणारच आहे तो. त्याच्यासाठी पेन उघडं ठेवून कोण बसणार? फोन यायचा, तेव्हा वही मिटलेली असायची आणि बाई नुसतं "बरं" म्हणायच्या.

पुराच्या दिवशीही वही अशीच मिटली. बाईंनी डबा उघडला. जेवण झालं, हात धुतले, आणि तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की आज 'बरं का' ऐकू आलंच नाही. तोवर पाऊण तास होऊन गेला होता आणि पाणी वस्तीत शिरलं होतं.

चौकशीवाल्यांनी वही पाहिली. नऊ ओळी, नऊ टिका. स्टेशनने आपलं काम चोख केलं, असा शेरा आला. वर प्रशस्तिपत्र. बाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं. त्या वेळी तोंड उघडायला एक क्षण मिळाला होता, तो टाळ्यांत गेला. त्यानंतर तसा क्षण आला नाही, असं त्या स्वतःला सांगत. रोजच येत होता.

टिक कशी करायची हे त्या अकरा वर्षांत त्यांनी बदललं. आता फोन ठेवल्यावरच पेन उघडायचं. त्याने कुणाचं काय भलं झालं ते तुम्हीच सांगा.

७

इशाऱ्याचा कागद आला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. वरच्या खोऱ्यात ढग फुटल्यासारखा पाऊस, वाऱ्याने झाडं पडलेली, बंधारा काठोकाठ. चार वाजता दारं उघडणार, आठ वस्त्यांनी तासाभरात उंचावर जावं. वीज गेलेली. मिस्त्री मुद्रण आपोआप पुन्हा लागेल अशी सोय करून खाली जनरेटरपाशी धावले. साहेब जिन्यात उभं राहून बंधाऱ्याच्या ऑफिसशी ओरडून बोलत होते. स्टुडिओत बाई एकट्या.

दिवा तांबडा झाला. बाई वाचू लागल्या.

काचेपलीकडे मिस्त्रींच्या खोलीत अंधार होता, यंत्रांवरचे चार बारीक हिरवे ठिपके तेवढे लुकलुकत होते. कागदावरून नजर उचलायची नाही, हा बाईंचा शिरस्ता. तरी दुसऱ्या नावाशी ती उचलली गेली. खुर्चीवर मिस्त्रींचा रेनकोट टाकलेला दिसला. तिसऱ्या नावाशी आठवलं की रेनकोट घालूनच ते खाली गेले होते.

वाचताना थांबायचं नसतं. बाई थांबल्या नाहीत. चौथं नाव. पाचवं. खुर्चीत जे काही होतं त्याने मान खाली घातलेली होती, आणि एक हात कानामागे धरला होता. लांबून येणारं काही नीट ऐकू यावं म्हणून म्हातारी माणसं धरतात, तसा. सहावं. सातवं.

आठवं नाव वाचून बाईंनी श्वास घेतला.

त्या श्वासात मान हळूहळू वर आली. चेहरा असा दिसला नाही, काचेवर दिव्याचा तांबडा डाग पडला होता. पण वाट बघणारा माणूस कसा असतो ते बाईंना दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. अजून एक नाव उरलंय, ते आता येईल, अशी ती मान थांबली होती.

"...सर्वांनी सुरक्षित स्थळी जावे," बाईंनी वाचलं, आणि दिवा विझला.

काचेपलीकडे रिकामी खुर्ची होती. चाकांची. ती किंचित फिरत होती. जनरेटरच्या हादऱ्याने फिरते कधीकधी.

फोन वाजला. साहेब आत येऊन दाराशी उभे राहिले. बाईंनी स्पीकरचं बटण दाबलं.

"पाचवं केंद्र. ऐकलं बरं का."

मागे शीळ. सहा, सात, आठ. श्वास. नववं.

"कोण बोलतंय?" बाई म्हणाल्या.

पलीकडे कुणीतरी बशीतला चहा ओढल्यासारखा आवाज झाला, निवांत, शेवटच्या घोटाचा. मग फोन बंद.

"काय बाई, पाळणाघरवाली ना ती? करा टिक," साहेब म्हणाले.

आणि हात शेवटी सवयीचा गुलाम. पेन उघडलं गेलं. टिक झाली.

मग दुसरं केंद्र आलं, आठवं आलं, नावाडी आला, हेडमास्तर आले. बाई प्रत्येक वेळी फोन उचलताना म्हणत होत्या, आता ती. आता तरी ती. 'आज पहिली ना मी?' सगळे आले. ती आली नाही. पण वहीत आठ ओळी होत्या आणि आठ टिका होत्या. हिशोब जुळला होता. एक पोच जास्तीची आणि एक कमी, आणि वहीला दोन्हींतलं काहीच कळत नव्हतं.

बाईंनी पाळणाघराचा नंबर फिरवला. लाइन मेलेली. त्यांच्या डोळ्यांसमोर पाळणाघरातला फळीवरचा रेडिओ आला, झाकण रबराने बांधलेलं. दुपारचे तीन. सव्वीस चटया. गिरणी सुटायला दोन तास. इशारा पुन्हा लागतच होता, पण ज्या घरचा रेडिओ मुका झालाय त्याला तो शंभरदा ऐकवून काय उपयोग? त्यांनी अग्निशमन केंद्राला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "चिठ्ठीचा क्रमांक सांगा, बाई. तुम्हालाच माहीत, बिनपोच चिठ्ठीशिवाय गाडी हलत नाही."

म्हणून त्या साहेबांकडे वळल्या होत्या. म्हणून हे भांडण.

८

"बोला ना," साहेब म्हणाले. "काय लिहू? कुठला आवाज, कुठला दात, असलं लिहून चालतं का? मला कारण द्या, बाई. कागदावर उभं राहील असं एक कारण. मी आत्ता सही करतो."

घड्याळात तीन वाजून सात मिनिटं. खाली जनरेटर धापा टाकत होता.

"मुलगी पहिली पोच दिल्याशिवाय राहत नाही. पोरं मागे ओरडत नव्हती. हे कारण नाही?"

"पोरं झोपली असतील! दुपार आहे!" साहेबांचा स्वर आता रडवेला झाला होता. "टिक तुमच्या हातची आहे. मी नाही केली, कुणी परक्याने नाही केली. तुमच्या हातची टिक मी कशाच्या जोरावर खोटी ठरवू? बत्तीस वर्षांत ही वही एकदा तरी चुकली आहे का? ती बघा, चौकशीने लिहून दिलंय, तुमच्याच पाठीमागे टांगलंय! ज्या दिवशी अठरा माणसं गेली, त्या दिवशीसुद्धा तुमची वही बरोबर होती. चूक ऐकणाऱ्याची होती. मग आज मी कुणाचं ऐकू, तुमचं की तुमच्या वहीचं?"

बाईंनी मागे वळून पाहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या चौकटीकडे सरळ पाहिलं. काचेवर धूळ होती, आणि धुळीत त्यांचाच चेहरा, आणि चेहऱ्यामागे पलीकडच्या खोलीतली ती खुर्ची. ती आता फिरत नव्हती.

उंच आवाजाची, बुटकी, कुणापुढे न वाकलेली बाई. गावात तिच्याजवळ होतं काय? संसार नाही, हक्काचं माणूस नाही. होता तो एक शब्द, की ही सांगते ते खरं असतं. तेवढ्यावर तिने आपलं म्हातारपण टेकवलं होतं.

त्यांनी पोचवही उघडी केली, साहेबांच्या हातातलं चिठ्ठ्यांचं पुस्तक ओढून तिच्यावर ठेवलं, आणि पेनाचं टोपण काढून पेन त्यांच्या बोटांत दिलं.

"अहो, लिहा, अकरा वर्षांपूर्वी पंपघराची पोच आलीच नव्हती, त्या माणसाने काहीसुद्धा ऐकलं नव्हतं, ती नववी टिक मी माझ्या हाताने आधीच करून ठेवली होती."